अक्षरांकडून अर्थाकडे

वाचन म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं बाळबोध वाटतो. अक्षरें ओळखावीं, तीं जोडावीं, शब्द उच्चारावा, एक ओळ संपली कीं दुसरी धरावी, झालें वाचन! बहुतेक घरांतून वडीलमंडळी मुलाची परीक्षा याच मापानें घेतात. पुस्तक पुढें ठेवलें आणि मुलानें न अडखळतां पान म्हणून दाखविलें, कीं 'बाळ वाचूं लागला' असें समाधान सर्वांस होतें. परंतु पान म्हणून दाखविणें आणि पान वाचणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांमधील अंतर जेथें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं, तेथें प्राथमिक शिक्षणाचा पाया कच्चा राहतो.

हें अंतर केवढें असतें, तें एका कल्पित प्रसंगावरून पाहतां येईल. माझगांवच्या किनाऱ्यावर भाऊचा धक्का आहे. तेथून मोऱ्याला आणि रेवसला लाँची सुटतात. समजा, धक्क्यावर एक फलक लावला आहे : 'समुद्र खवळल्यास दुपारची परतीची फेरी सुटणार नाहीं. प्रवाशांनीं त्याप्रमाणें बेत करावा.' एका दिवसापुरती रेवसकडे निघालेली एक बाई फलकापुढें थांबते. तिला वाचतां येत नाहीं. बरोबर तिसरींत शिकणारी मुलगी आहे. मुलगी खणखणीत आवाजांत फलक वाचते. आई विचारते, "म्हणजे काय ग? संध्याकाळीं घरीं पोंचूं ना?" मुलगी फलक पुन्हां वाचते. आई पुन्हां तेंच विचारते. "आई, असंच लिहिलंय," एवढेंच काय तें उत्तर मुलीपाशीं असतें. तिच्या वाचनांत एकही चूक नाहीं. तरी मायलेकींना जें हवें होतें, तें त्या फलकावरून त्यांच्या हातीं लागलें नाहीं.

मुलगी मंदबुद्धीची आहे काय? मुळींच नाहीं. कोळणीशीं घासाघीस करणारी, धाकट्या भावाला सांभाळणारी, चार घरांचे निरोप बिनचूक पोंचविणारी ती चुणचुणीत पोर आहे. 'समुद्र खवळला तर लाँच सुटणार नाहीं,' असें कोणी तोंडानें सांगितलें असतें, तर तिनें तत्काळ आभाळाकडे पाहिलें असतें. पण 'खवळल्यास' हें रूप तिच्या घरीं कोणी बोलत नाहीं, आणि छापलेलें वाक्य हें कोणाचें तरी बोलणें असतें, हें तिला शाळेंत कोणीं दाखविलेलें नाहीं. तिच्या लेखीं वाचन हें तोंडाचें काम आहे. तें मनाचेंही काम आहे, ही ओळख व्हावयाची राहून गेली आहे.

मुंबईंत मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणण्याचा प्रयत्न जुना आहे. १८८८ च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षणाची तरतूद हें महापालिकेचें कर्तव्य ठरलें. १९२० मध्यें शहरांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू करतां यावें म्हणून स्वतंत्र कायदा झाला. २००९ मध्यें सहा ते चौदा वर्षें वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क साऱ्या देशासाठीं कायद्यानें मान्य केला. आठवीपर्यंत कोणाही मुलाला मागच्या इयत्तेंत ठेवूं नये, असेंही त्या कायद्यांत मूळचें कलम होतें. २०१९ मध्यें पांचवी व आठवीपुरती त्यांत सवलत ठेवण्यांत आली. मूळ कलमाचा हेतु उदार होता. कोवळ्या मुलाच्या कपाळीं नापासाचा शिक्का बसूं नये, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याची दुसरी बाजू शिक्षकांना ठाऊक आहे. मूल इयत्तेनें वर चढतें आणि वाचनानें खालच्या पायरीवरच उभें राहतें. पुस्तक दरवर्षीं जाड होतें आणि मूल दरवर्षीं अधिक गप्प होत जातें.

देशाच्या ग्रामीण भागांत २००५ पासून 'असर' या नांवाची एक पाहणी होत आली आहे. तींत मुलाला त्याच्या घरीं गांठून मोठ्यानें वाचावयास सांगतात. २०२४ च्या पाहणींत पांचवींतील मुलांपैकीं शेंकडा ४८.८ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला. तिसरींतील मुलांत हें प्रमाण शेंकडा २७.१ होतें. ही पाहणी शहरांची नव्हे, आणि तींतील हे आंकडे मुख्यतः उच्चाराचे आहेत. अर्थाचा प्रश्न त्याच्याही पुढचा. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचतां यावें, हें ध्येय केंद्रसरकारनें २०२१ मध्यें 'निपुण भारत' या योजनेनें जाहीर केलें, त्याचें कारण या आंकड्यांवरून उमगतें.

मग अर्थ न समजणें वर्गांत चटकन् उघडें कां पडत नाहीं? कारण धड्याखालचे नेहमींचे प्रश्नच त्यावर पांघरूण घालतात. एक निरर्थक वाक्य पाहावें : 'मळपानें झिरूंत दुमलीं वेळलीं.' या वाक्याला मराठींत कांहीं अर्थ नाहीं. आतां प्रश्न : दुमलीं कोणीं वेळलीं? मळपानें. कोठें वेळलीं? झिरूंत. मळपानें काय केलें? दुमलीं वेळलीं. तिन्ही उत्तरें बरोबर, पैकींच्या पैकीं गुण, आणि समजलें मात्र कांहींच नाहीं! प्रश्नांतला शब्द धड्यांत शोधावा आणि त्याच्या शेजारचा शब्द उत्तर म्हणून उतरावा, ही युक्ति मुलें फार लवकर आत्मसात् करतात. ज्या प्रश्नाचें उत्तर अशा युक्तीनें देतां येतें, त्यानें आकलनाची परीक्षा होत नाहीं.

या दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे मूल कोठें अडलें आहे तें पाहणें. एकाच इयत्तेंतील चाळीस मुलांत कोणी अक्षरावर अडलेलें असतें, कोणी जोडाक्षरावर, कोणी वाक्यावर आणि कोणी अर्थावर. सर्वांना एकच धडा एकाच वेळीं शिकविला, तर तो थोड्यांनाच लागूं पडतो. याचा एक बोधप्रद प्रयोग मुंबईंतच झाला. १९९५ मध्यें येथील झोपडपट्ट्यांतून कामाला लागलेल्या 'प्रथम' या संस्थेनें महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' ही योजना चालविली. वस्तींतलीच एखादी शिकलेली तरुणी मागें राहिलेलीं पंधरा-वीस मुलें शाळेच्या वेळांतच सुमारें दोन तास वेगळीं घेऊन बसे आणि प्रत्येकाला अडतें तेथून शिकवी.

२००१ ते २००३ या काळांत मुंबई व बडोदें येथील शाळांत या योजनेची कसोटी अर्थशास्त्रज्ञांनीं घेतली. त्यांतील अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना पुढें २०१९ मध्यें नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. बालसखी कोणत्या वर्गाला द्यावयाची हें चिठ्ठीनें ठरविल्यासारखें ठरवून दोहों प्रकारच्या वर्गांची तुलना केली, तेव्हां बालसखी लाभलेल्या मुलांची प्रगति अधिक दिसली. दुसऱ्या वर्षींचा लाभ पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता आणि तो मुख्यतः मागें पडलेल्या मुलांना झाला होता. उलट, हीं मुलें बाहेर गेल्यानें ज्यांचा वर्ग लहान झाला, त्या उरलेल्या मुलांना केवळ वर्ग लहान झाल्याचा फायदा दिसला नाहीं. याच प्रयोगानें दोन इशारेही दिले. भाषेंतील वाढ गणिताच्या मानानें कमी भरली. आणि योजना थांबल्यावर वर्षभरांत लाभाचा बराच भाग ओसरला. मुलाच्या पायरीवर उतरणें आवश्यक आहे, पण तेवढ्यानें भागत नाहीं. आणि वाचनाचें पाणी रोजचें घालावें लागतें.

दुसरा उपाय आरंभींच्या शिकवणीचा. जुन्या रीतींत सबंध मुळाक्षरें पाठ होईपर्यंत, आणि मग बाराखडी संपेपर्यंत, मुलाच्या वाट्याला अर्थाचा घांसच येत नसे. महिनोन्महिने अक्षर म्हणजे नुसता आवाज, अशी संवय जडली म्हणजे पुढें ती मोडणें कठीण. याउलट क, म, ल, र हीं चार अक्षरें आणि त्यांबरोबरच काना शिकविला, तर काका, मामा, काम, माल, लाल, राम, कमाल इतके शब्द पहिल्याच आठवड्यांत मुलाच्या हातीं येतात. 'काका, काम करा' हें सबंध वाक्य तें स्वतः वाचूं शकतें आणि वाचून हंसतें. तें हंसणें हीच अर्थाची पावती. फलटण येथें मॅक्सीन बर्नसन यांनीं १९८४ मध्यें स्थापिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेनें मराठीच्या आरंभींच्या वाचन-लेखनावर दीर्घकाळ काम केलें आहे. मुलाच्या घरच्या बोलीचा मान राखून त्याला वाचतें करावें, हा आग्रह त्या कामाच्या मुळाशीं आहे.

घरच्या बोलीचा हा मुद्दा माझगांवसारख्या भागांत विशेष महत्त्वाचा. गोदीच्या आणि गिरण्यांच्या आधारानें येथें कोंकणांतून आणि घाटावरून माणसें आलीं. म्हातारपाखाडींत जुने ख्रिस्ती रहिवासी आहेत. हिंदी-उर्दू बोलणारीं घरें आहेत. महापालिका मराठीखेरीज इतरही अनेक भाषांच्या शाळा चालविते. तरी एकाच मराठी वर्गांतसुद्धां चार तऱ्हांची मराठी नांदते. मालवणी घरांतलें मूल 'बाबा खंय गेले?' असें म्हणतें, तेव्हां तें चुकत नाहीं. तें भाषा बोलतें. शिक्षकानें तें वाक्य फळ्यावर तसेंच लिहावें, शेजारीं 'बाबा कोठें गेले?' असें लिहावें आणि दोहोंचा अर्थ एकच आहे, हें मुलाकडूनच काढून घ्यावें. घरच्या शब्दाला नांव ठेवलें, कीं मूल तोंड मिटतें. आणि जें मूल वर्गांत बोलत नाहीं, त्याला वाचलेलें कळलें कीं नाहीं, हें कळण्याचा मार्गच उरत नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां मुलाच्या अंगणांत जाऊन, त्याच्या भोंवतालच्या वस्तूंतून शिकविण्याचा मार्ग त्यांनीं धरला. शहरांतल्या मुलालाही अंगण असतें. माझगांवांत तें चाळीच्या गॅलरींत, धक्क्यावर आणि टेकडीवरच्या बागेंत असतें.

तिसरा उपाय हा खास आकलनाचा. अमेरिकेंत पालिंक्सार व ब्राउन या दोन संशोधिकांनीं १९८४ मध्यें नेमक्या अशाच मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला : शब्द नीट वाचणारीं, पण अर्थ न लागणारीं. जाणता वाचक मनांतल्या मनांत जीं चार कामें करतो, तीं त्यांनीं उघड, मोठ्यानें, संवादाच्या रूपानें करून दाखविलीं. पुढें काय येईल याचा अंदाज बांधणें, मजकुराला प्रश्न विचारणें, न कळलेला भाग थांबून उलगडणें आणि वाचलेलें थोडक्यांत सांगणें, हीं तीं चार कामें. प्रथम शिक्षक करून दाखवितो. मग मुलें आळीपाळीनें शिक्षकाची जागा घेतात.

ही रीत मराठी वर्गांत कशी उतरेल, तें एका छोट्या उताऱ्यावरून पाहावें. 'माझगांवच्या टेकडीवर एक बाग आहे. बागेच्या खालीं पाण्याचा मोठा साठा आहे. तेथून खालच्या वस्तीला पाणी जातें.' माझगांवच्या मुलाला ही बाग ठाऊक असते. मुंबईचे एकेकाळचे महापौर जोसेफ बाप्टिस्टा यांचें नांव तिला दिलें आहे. 'बाग कोठें आहे?' या प्रश्नाचें उत्तर उताऱ्यांतून उचलतां येतें. तो प्रश्न विचारावा, पण तेथें थांबूं नये. 'पाण्याचा साठा टेकडीवरच कां केला असेल?' हा दुसरा प्रश्न. याचें उत्तर उताऱ्यांत लिहिलेलें नाहीं. तें दोन वाक्यांच्या मध्यें आहे. पाणी उंचावरून आपोआप खालीं वाहतें, हें मुलाला नळावर, जिन्यावर, पावसांत दिसलेलें असतें. तें ज्ञान आणून या वाक्यांना जोडलें कीं उत्तर सांपडतें. 'टेकडी नसती तर काय करावें लागलें असतें?' हा तिसरा प्रश्न. त्याला एकच उत्तर नाहीं, आणि म्हणूनच साऱ्या वर्गाला बोलतां येतें. शेवटीं पुस्तक मिटून प्रत्येकानें तो मजकूर आपल्या शब्दांत शेजाऱ्याला सांगावा. जेथें सांगणारा अडखळेल, तेथें पुन्हां पुस्तक उघडावें. पुस्तक पुन्हां उघडावेंसें वाटणें, हें आकलनाचें पहिलें लक्षण होय.

यांत एक पथ्य पाळावें लागतें. प्रश्न विचारल्यावर शिक्षकानें थोडें थांबलें पाहिजे. पुढच्या बांकावरच्या हुषार मुलाचा हात वर होतांच उत्तर घेतलें, तर मागच्या बांकांवर विचार सुरू होण्यापूर्वींच संपतो. आणि चुकीचें उत्तर आलें तर 'चूक' म्हणून पुढें न जातां 'तुला हें कशावरून वाटलें?' एवढें विचारावें. पुष्कळ वेळां मुलाचा तर्क बरोबर असतो. एक शब्द तेवढा निराळा समजलेला असतो.

आतां लेखनाविषयीं. शुद्धलेखनाच्या नांवाखालीं मूल फळ्यावरचें उतरून काढतें, आणि निबंधाच्या नांवाखालीं मार्गदर्शकांतला 'माझा आवडता ऋतु' पाठ करून लिहितें. दोहोंतही त्याचें स्वतःचें असें कांहींच नसतें. खरें लेखन बोलण्यांतून उगवतें. मुलानें काल काय पाहिलें तें सांगावें. शिक्षकानें त्याचेंच वाक्य फळ्यावर लिहावें. मुलानें तें वाचावें आणि त्याखालीं आणखी एक वाक्य घालावें. आपण बोललेलें लिहितां येतें आणि लिहिलेलें पुन्हां बोलतां येतें, हा शोध मुलाला एकदां लागला, कीं वाचन आणि लेखन यांमधील भिंत पडते.

समजा, एका मुलानें लिहिलें : 'मी आणि आजी धक्यावर गेलो. आजीने बोंबिल घेतले. कोळीण हसली.' येथें तांबड्या शाईनें 'धक्यावर' आणि 'बोंबिल' या शब्दांवर आधीं तुटून पडणारा शिक्षक मुलाला एवढेंच शिकवितो, कीं पुढल्या वेळीं सोपे शब्द लिहावे आणि थोडें लिहावें. त्याऐवजीं 'कोळीण कां हंसली?' असें विचारावें. मूल लिहितें, 'आजीने भाव पाडला म्हणून.' 'मग आजी काय म्हणाली?' आणखी एक वाक्य येतें. तीन ओळींचें लेखन सहा ओळींचें होतें, आणि त्यांत माणसें दिसूं लागतात. नंतर, मजकूर पुरा झाल्यावर, एका वेळीं एकच गोष्ट सुधारावी. आज 'धक्का' या शब्दांतला जोड 'क्क' घ्यावा. त्याच्या जोडीला 'पक्का', 'चक्का', 'एक्का' हे शब्द मुलांनींच शोधावे. ऱ्हस्व-दीर्घाची पाळी उद्यां. शुद्धलेखन महत्त्वाचें आहेच. पण ज्याला सांगावयाचें कांहीं आहे, त्यालाच तें शुद्ध सांगावेंसें वाटतें.

लेखनाला वाचकही हवा. केवळ तपासण्यासाठीं लिहिलेली वही कोणी वाचीत नाहीं. ती तपासली जाते. मुलानें आजारी मित्राला चिठ्ठी लिहावी, वर्गाच्या भिंतीसाठीं बातमी लिहावी, आजीकडून ऐकलेली एखादी पाककृति लिहून दुसऱ्याच्या हातीं द्यावी. वाचणाऱ्याला ती कळली नाहीं तर तो लिहिणाऱ्याकडेच येतो, आणि काय सुटलें तें लिहिणाऱ्याला आपोआप दिसतें. असा वाचक हा सर्वांत चांगला परीक्षक.

हें सारें शाळेचें काम झालें. सुशिक्षित घरांचा यांत वांटा कोणता? पहिला वांटा असा, कीं पुस्तकांनीं भरलेल्या घरांतही म्हणून दाखविण्यालाच वाचन समजण्याची चूक होते, हें ओळखावें. इंग्रजी शाळेंत जाणारें मूल मराठी पान धडाधड म्हणतें, म्हणून त्याला तें कळलें असें मानूं नये. रात्रीं पंधरा मिनिटें त्याला गोष्ट वाचून दाखवावी, मध्येंच थांबावें, 'आतां काय होईल?' असें विचारावें आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावें. मोठ्यांनीं वाचलेलें ऐकतांना मुलाच्या कानावर पुस्तकी मराठीचीं तीं रूपें पडतात, जीं बोलण्यांत पडत नाहींत. 'खवळल्यास' सारखा शब्द मग छापील पानावर परका राहत नाहीं. दुसरा वांटा असा, कीं ज्या घरांत वाचून दाखविणारें कोणी नाहीं, तेथलें एखादें मूल आपल्याच जिन्यांत, आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर असतें. आठवड्यांतून दोन संध्याकाळ त्यालाही त्या गोष्टींत बसवून घेण्यास पैसा लागत नाहीं; आणि दोन मुलें एका गोष्टीवर वाद घालूं लागलीं, म्हणजे दोघांचेंही आकलन वाढतें.

शाळेच्या हजेरीपटावर नांव येणें हा मुलाचा हक्क कायद्यानें मान्य झाला. छापलेल्या ओळींतून अर्थ काढून घेण्याचें सामर्थ्य हा त्याच हक्काचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो कोणत्याही कलमानें देतां येत नाहीं; तो रोजच्या तासाला, एकेका प्रश्नानें द्यावा लागतो. धक्क्यावरची ती मुलगी ज्या दिवशीं फलक वाचून क्षणभर थांबेल, समुद्राकडे पाहील आणि "आई, आभाळ भरून आलंय, आज परत यायला लाँच मिळेल ना, तें आधीं विचारूं या," असें म्हणेल, त्या दिवशीं ती खऱ्या अर्थानें वाचूं लागली, असें म्हणतां येईल.